'वसल' कोण? : व्यक्तिविषयक संबंधी वाक्ये आणि आपले अनुवाद

इंग्रजीत एखाद्या माणसाविषयी सांगताना 'हू', 'हूम', 'हूज' किंवा 'दॅट' या सर्वनामांनी मुख्य वाक्यास जे उपवाक्य जोडले जाते, त्यास आपण संबंधी उपवाक्य अथवा विशेषण-वाक्य म्हणतो. शाळेच्या परीक्षेत या विषयास दोन-चार गुणांपलीकडे महत्त्व नसते. दोन वाक्ये दिलेली असतात, ती 'हू' घालून एक करावयाची, इतकाच विद्यार्थ्यांचा त्याच्याशी संबंध येतो. परंतु तिपिटकाचे इंग्रजी अनुवाद, बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे इंग्रजी ग्रंथ आणि राज्यघटनेखालील आदेश वाचू लागताच एक गोष्ट ध्यानात येते. माणसाची ओळख जन्मावरून ठरवावयाची की कर्मावरून, या प्रश्नाचा निर्णय पुष्कळदा या लहानशा उपवाक्यातच झालेला असतो. म्हणून त्याची चिकित्सा करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१. शिवी आणि व्याख्या

सुत्तनिपाताच्या उरगवग्गातील वसलसुत्त आपल्या वाचकांस परिचित आहे. सावत्थीत भिक्षाटनास निघालेले तथागत अग्गिक भारद्वाज या ब्राह्मणाच्या घराजवळ येतात. त्याच्या घरी अग्नी प्रज्वलित असून आहुतीची सिद्धता चाललेली आहे. तथागतांस दुरून पाहताच तो त्यांना तेथेच थांबण्यास बजावतो आणि त्यांच्यासाठी तीन शब्द वापरतो : मुंडक, समणक, वसलक. या तिन्ही शब्दांस तुच्छतादर्शक 'क' प्रत्यय आहे. तिन्ही नामे आहेत आणि त्यांच्यासोबत कोणतेही क्रियापद नाही. समोरच्या माणसाने काय केले, याचा त्यांत उल्लेख नाही. शिवीला त्याची गरज नसते. तिला केवळ नाव पुरते.

तथागत यावर रागावत नाहीत. वसल कोण आणि माणूस कोणत्या गोष्टींनी वसल होतो, हे तुला ठाऊक आहे काय, एवढेच ते विचारतात. अग्गिकाला ते ठाऊक नसते. मग गाथांमागून गाथा येतात. त्यांची घडण पाहण्यासारखी आहे. जवळपास प्रत्येक गाथेत 'यो' हे संबंधी सर्वनाम आहे आणि शेवटी त्याला उत्तर देणारे 'तं' आहे. जो प्राण्यांची हिंसा करतो, जो दुसऱ्याचे धन चोरतो, जो कर्ज घेऊन मागणी होताच नाकबूल होतो, जो खोटी साक्ष देतो, जो समर्थ असूनही वृद्ध मातापित्यांचे पोषण करीत नाही, तो वसल जाणावा, असा त्यांचा आशय आहे. बहुतेक गाथांत 'यो'च्या पाठोपाठ वर्तमानकाळी क्रियापद येते. नावाच्या जागी कृती आली की ब्राह्मणकुळातील माणूसही त्या कसोटीखाली येतो आणि चांडाळकुळात जन्मलेला मातंग त्या कसोटीतून मुक्त होतो. सुत्ताच्या अखेरीस मातंगाचा दृष्टान्त येतो तो याच कारणाने.

आमच्या मते या सुत्ताचा सामाजिक आशय त्याच्या वाक्यरचनेपासून वेगळा काढता येत नाही. अग्गिकाने नाम वापरले आणि तथागतांनी संबंधी उपवाक्य वापरले. नाम माणसावर चिकटविता येते, तर उपवाक्य तपासून पाहावे लागते. 'तू वसल आहेस' या विधानास पुरावा मागता येत नाही. 'जो खोटी साक्ष देतो तो वसल' असे म्हटले की साक्ष खोटी होती काय, हे पाहणे भाग पडते.

२. फाउसबोल आणि मॅक्समुल्लर

सुत्तनिपाताचा इंग्रजी अनुवाद डॅनिश पंडित फाउसबोल यांनी केला. तो १८८१ साली 'सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट' या मालेच्या दहाव्या खंडात, मॅक्समुल्लर यांच्या धम्मपदाच्या अनुवादासोबत प्रसिद्ध झाला. फाउसबोल यांनी त्यापूर्वी १८५५ साली धम्मपदाचे लॅटिन भाषांतर प्रसिद्ध केले होते. पालिच्या वाक्यरचनेशी त्यांचा परिचय दीर्घ होता, याची साक्ष त्यांच्या वसलसुत्ताच्या अनुवादात मिळते. 'जो माणूस' किंवा 'जो कोणी' अशा अर्थाचे शब्द ते आरंभी ठेवतात, कृती सांगतात आणि शेवटी 'त्याला' या अर्थाचे 'हिम' आणून वाक्य मिटवतात. चालू इंग्रजीत 'हिम' अशा रीतीने पुन्हा आणण्याची आवश्यकता नसते. परंतु त्यायोगे पालितील 'यो' आणि 'तं' यांची जोडी शाबूत राहते.

मॅक्समुल्लर यांनी धम्मपदाच्या ब्राह्मणवग्गात उलट मार्ग धरला. त्यांनी 'हिम' वाक्याच्या प्रारंभी ठेवले आणि 'हू'चे उपवाक्य मागाहून आणले. ही रचना आज जुनी वाटते. तरीही तिचा एक गुण आहे. निर्णय आधी उच्चारला जातो आणि त्याचा आधार लगेच पुढे येतो, त्यामुळे आधाराकडे दुर्लक्ष होत नाही. ब्राह्मणवग्ग हा धम्मपदाचा सव्विसावा व अखेरचा वग्ग असून त्यात ३८३ ते ४२३ अशा ४१ गाथा आहेत. त्यांतील पुष्कळ गाथा वासेट्ठसुत्तातही आढळतात.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. मूळ पालित प्रत्येक ठिकाणी 'यो' आहेच, असे नव्हे. ३९६ व्या गाथेत योनीपासून किंवा मातेपासून उत्पन्न झाल्याने कोणी ब्राह्मण ठरत नाही, असे सांगताना नुसती विशेषणे योजलेली आहेत. त्याच गाथेतील 'अकिंचन' आणि 'अनादान' हीसुद्धा विशेषणेच आहेत. अशा ठिकाणी इंग्रजी अनुवादकाने 'हू' घातला तर तो त्याने पदरचा घातलेला असतो. अर्थाला बाध येत नसेल तर त्यास आमची हरकत नाही. हरकत आहे ती उलट प्रकारास. मुळात 'जो अमुक करतो' अशी कृती असता काही सुगम भाषांतरे तिचे एकशब्दी नाम करून टाकतात. 'जो खोटी साक्ष देतो' याऐवजी 'लबाड', 'जो मातापित्यांचे पोषण करीत नाही' याऐवजी 'कृतघ्न' असे शब्द येतात. वाक्य आटोपशीर होते खरे, परंतु तथागतांनी नाकारलेली अग्गिकाची पद्धत अनुवादात पुन्हा शिरते.

३. क्रियापदाचे नाम कसे होते

ही हरकत काहींना फार बारीक वाटेल. त्यांनी मज्झिमनिकायात व सुत्तनिपातात दोन्हीकडे आलेले वासेट्ठसुत्त पुन्हा पाहावे. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन तरुणांत ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने, असा वाद झालेला आहे. गवत, वृक्ष, कीटक, चतुष्पाद, सर्प, मासे, पक्षी यांच्यात जन्मजात भिन्न चिन्हे असतात, माणसांत तशी नसतात, हे तथागत आधी दाखवितात. त्यानंतर व्यवसायांची मालिका येते. माणसांपैकी जो गोरक्षणावर जगतो तो शेतकरी, जो नाना शिल्पांवर जगतो तो शिल्पी, जो व्यापारावर जगतो तो वाणी, जो चोरीवर जगतो तो चोर, जो पौरोहित्यावर जगतो तो याजक. यांपैकी कोणीही त्यायोगे ब्राह्मण नव्हे. पुरोहितालाही येथे इतरांच्याच रांगेत उभे केले आहे, आणि हे काम प्रत्येक वेळी येणाऱ्या 'यो'ने केले आहे.

आता आपल्या मराठीतील जातिनामांकडे पाहू. कुंभ करणारा तो कुंभकार, त्याचा झाला कुंभार. लोहकाराचा लोहार, सुवर्णकाराचा सोनार, चर्मकाराचा चांभार झाला. या प्रत्येक शब्दात मुळात 'करणे' हे क्रियापद होते. म्हणजे आरंभी ते 'जो अमुक करतो तो' असे आखूड केलेले संबंधी वाक्यच होते. पुढे क्रियापद झिजले, नाम उरले आणि ते नाम पुत्राकडे, पौत्राकडे वारशाने गेले. ज्याने मातीला कधी हात लावला नाही, तोही कुंभारच राहिला. ज्याने कातडे कधी पाहिले नाही, त्याच्याकडेही गाव चांभार म्हणूनच पाहत राहिले. कृतीचे नाव जन्माचे नाव झाले. वासेट्ठसुत्त याच्या नेमके विरुद्ध दिशेने जाते. ते नाम उकलून त्यातील क्रियापद पुन्हा बाहेर काढते आणि विचारते, हा माणूस आज काय करून जगतो?

म्हणून या सुत्ताच्या अनुवादात 'जो व्यापारावर जगतो तो वाणी' याचे 'व्यापारी हा वाणी होय' असे रूपांतर झाले, तर अर्थ जवळपास तोच राहिल्यासारखा दिसेल, पण युक्तिवाद नाहीसा होईल. नामाची व्याख्या नामाने करून काहीच सिद्ध होत नाही.

४. प्रश्नार्थी 'हू' आणि संबंधी 'हू'

इंग्रजी शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांची एक अडचण येथे सांगितली पाहिजे. मराठीत प्रश्नासाठी 'कोण' आणि संबंधासाठी 'जो' असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. पालित 'को' आणि 'यो' आहेत. पालितील 'यो' आणि महाराष्ट्री प्राकृतातून मराठीत आलेला 'जो' ही एकाच मुळाची रूपे आहेत. इंग्रजीत मात्र दोन्ही कामे 'हू' हा एकच शब्द करतो. मूळचे हे प्रश्नार्थी सर्वनाम आहे. कर्त्याच्या जागी संबंधी सर्वनाम म्हणून त्याचा सर्रास वापर सोळाव्या-सतराव्या शतकांपासून रूढ झाला. १६११ च्या इंग्रजी बायबलात माणसांसाठीच काय, ईश्वरासाठीही 'विच' वापरलेला आढळतो. माणसासाठी 'हू' आणि वस्तू व प्राणी यांसाठी 'विच' ही वाटणी त्यानंतर पक्की झाली.

बाबासाहेबांच्या दोन ग्रंथांच्या नावांत प्रश्नार्थी 'हू' आहे. शूद्र पूर्वी कोण होते, हा १९४६ च्या ग्रंथाचा प्रश्न. अस्पृश्य मूळचे कोण आणि ते अस्पृश्य का बनले, हा १९४८ च्या ग्रंथाचा. दुसऱ्या नावातील 'बनले' हे क्रियापद महत्त्वाचे आहे, कारण अस्पृश्यता ही इतिहासात घडलेली घटना आहे, असे ते सांगते. आणि त्या प्रश्नाचे उत्तर ग्रंथात ज्या स्वरूपात येते, ते संबंधी वाक्यातच मांडता येते : पराभूत टोळ्यांतून फुटलेल्या ज्या माणसांनी बौद्ध धम्म सोडला नाही आणि गोमांसभक्षण सोडले नाही, ते अस्पृश्य ठरविले गेले, आणि हे इसवी सन ४०० च्या सुमारास घडले. अग्गिकाला केलेल्या प्रश्नाची रीत येथेही दिसते. 'कोण' असे विचारावे आणि 'ज्यांनी अमुक केले ते' असे उत्तर द्यावे. 'द बुद्ध अँड हिज धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात, जन्म नव्हे तर गुण हे माणसाचे मोजमाप आहे, असे प्रतिपादन करताना बाबासाहेबांनी अग्गिकाचाच प्रसंग घेतला आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

५. स्वल्पविरामाचा अन्याय

इंग्रजी संबंधी उपवाक्याचे दोन प्रकार आहेत. एक व्यवच्छेदक, म्हणजे अनेकांतून काहींना वेगळे काढणारा; दुसरा माहितीपर, म्हणजे आधीच ओळखल्या गेलेल्या माणसाविषयी जाता जाता काही सांगणारा. दोहोंतील भेद लिखाणात केवळ स्वल्पविरामाने दाखविला जातो. 'द टीचर्स हू न्यू पालि वेअर ऑनर्ड' या वाक्यात स्वल्पविराम नसेल, तर शिक्षकांपैकी ज्यांना पालि येत होती, तेवढ्यांचाच सन्मान झाला. 'टीचर्स'नंतर आणि 'पालि'नंतर स्वल्पविराम दिला, तर सर्वांचा सन्मान झाला आणि पालि सर्वांनाच येत होती. 'दॅट' हे सर्वनाम माणसांसाठी चालते, पण ते प्रायः व्यवच्छेदक उपवाक्यातच. आणि 'नो वन', 'नो पर्सन' अशा निषेधवाचक शब्दांमागून स्वल्पविराम देऊन माहितीपर उपवाक्य जोडता येत नाही, कारण जो नाहीच त्याच्याविषयी माहिती कशी देणार?

माहितीपर उपवाक्याचा एक गुणधर्म व्याकरणाच्या पुस्तकांत क्वचितच सांगितला जातो. त्यातील विधान वादाच्या बाहेर राहते. समजा कोणी लिहिले, 'या बौद्धांनी, जे पूर्वी महार होते, ग्रंथालय उभारले.' यावर आपण 'हे खोटे आहे' असे म्हटले, तर आपला आक्षेप ग्रंथालयाविषयी आहे, असेच समजले जाईल. मधल्या उपवाक्याला तो लागत नाही. ते चुपचाप निसटून जाते. म्हणजे जन्माचा उल्लेख अशा ठिकाणी ठेवला जातो की त्यास सहजासहजी हरकत घेता येऊ नये. ग्रंथालय उभारण्याच्या कृतीशी पूर्वजातीचा काही संबंध असेल, तर तो मुख्य वाक्यात मांडावा आणि त्याचे कारण द्यावे. संबंध नसेल, तर ते उपवाक्य तेथे कशासाठी आले, हा प्रश्न विचारावयास हवा. वृत्तपत्रांतील चरित्रपर मजकूर वाचताना आमच्या वाचकांनी दोन स्वल्पविरामांमधील जागा मुद्दाम तपासावी, असे आम्ही सुचवितो. त्या जागेत कोणाच्या जातीचा उल्लेख होतो आणि कोणाच्या जातीचा कधीच होत नाही, हे पाहिले म्हणजे पुरे.

६. एका उपवाक्याची चौतीस वर्षे

संबंधी उपवाक्य हा केवळ शैलीचा प्रश्न आहे, असे ज्यांना वाटते, त्यांनी १० ऑगस्ट १९५० चा अनुसूचित जातींविषयीचा राष्ट्रपतींचा आदेश वाचावा. घटनेच्या ३४१ व्या अनुच्छेदात अनुसूचित म्हणून गणावयाच्या जातींचा निर्देश 'विच'ने केला आहे, कारण जात ही व्यक्ती नव्हे. आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात मात्र 'पर्सन' हा शब्द आला आणि त्यासोबत 'हू' आला. हिंदू धर्माहून भिन्न धर्म मानणारी कोणतीही व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही, असा त्याचा आशय होता.

या वाक्यात 'हू'च्या दोन्ही बाजूंस स्वल्पविराम नाहीत. उपवाक्य व्यवच्छेदक आहे आणि ते खऱ्या अर्थाने माणसांना वेगळे काढीत होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांसमवेत ज्यांनी धम्मदीक्षा घेतली, ते सर्व या एका उपवाक्यात सापडले. त्यांच्याशी होणारी वागणूक दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी पालटली नव्हती. त्यांच्याविषयीचे क्रियापद तेवढे पालटले होते. १९५६ साली त्या उपवाक्यात शिखांचा समावेश झाला. बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षांनी झालेल्या या दुरुस्तीत वाक्याची घडण बदलली नाही. 'हू' तोच राहिला, क्रियापद तेच राहिले. धर्मांच्या नावांत एका नावाची भर पडली. त्या भरीसाठी निवेदने, मोर्चे आणि परिषदा यांत एक पिढी खर्ची पडली. उपवाक्यातील एका शब्दाची किंमत किती असते, हे आपल्या समाजास कोणत्याही व्याकरणकारापेक्षा अधिक ठाऊक आहे.

येथे एक विसंगतीही नोंदवितो. 'विच'ने जात जन्मावरून ठरविली आणि 'हू'ने तिचा लाभ धर्माच्या स्वीकारावरून ठरविला. तथागतांच्या 'यो'ने कृतीची कसोटी लावली ती जन्माचे ओझे उतरविण्यासाठी. या आदेशातील 'हू'नेही कृतीचीच कसोटी लावली, पण ती जन्माचे ओझे तसेच ठेवून त्यावरील उपाय काढून घेण्यासाठी. तेव्हा संबंधी उपवाक्य स्वतः न्यायी किंवा अन्यायी नसते. त्यात कोणते क्रियापद ठेवले आणि ते कोणाला लागू केले, यावर सारे अवलंबून असते.

७. मराठी अनुवादकांस

इंग्रजीतून मराठीत येताना या उपवाक्याची जी दुर्दशा होते, तीही थोडक्यात पाहू. 'माझे मित्र, जे की नागपूरला राहतात, ते विहारात आले' अशी वाक्ये आपल्या नियतकालिकांतही दिसू लागली आहेत. हा 'जे की' मराठीचा नव्हे. मराठीत 'नागपूरला राहणारे माझे मित्र विहारात आले' असे साधे वाक्य आहे. आमच्या मते अनुवादकाने तीन गोष्टी पाळाव्यात. जेथे व्याख्या आहे, तेथे 'जो' आणि 'तो' ही जोडी पूर्ण ठेवावी आणि 'जो' आधी आणावा. जेथे केवळ ओळख पटवावयाची आहे, तेथे 'राहणारा', 'शिकलेला' अशी धातुसाधिते वापरावीत. जेथे माहितीपर उपवाक्य आहे, तेथे त्याचे स्वतंत्र वाक्य करावे, म्हणजे ते वादासाठी खुले होईल.

लिंगाचा प्रश्नही आहे. इंग्रजी 'हू'ला लिंग नाही. स्त्री आणि पुरुष दोघांनाही तो सारखाच लागतो. पालि 'यो' आणि मराठी 'जो' पुल्लिंगी आहेत. 'द मॅन हू' असे इंग्रजी भाषांतर करणाऱ्यांनी तर इंग्रजीतील ही मोकळीकही वाया घालविली. थेरीगाथेतील पुण्णिका ही पाणी भरणारी दासी होती. स्नानाने पापमुक्ती होते असे मानणाऱ्या ब्राह्मणास ती निरुत्तर करते. पाण्याने शुद्धी होत असेल तर बेडूक आणि कासवेही स्वर्गास जातील, असा तिचा युक्तिवाद आहे. मेंढ्या-डुकरे मारणारे, चोर, वधिक आणि आणखी 'जे कोणी' पापकर्मी असतील ते सारे पाण्याने सुटतील काय, असेही ती विचारते. दासीच्या मुखी आलेला हा अनेकवचनी 'ये' कोणालाही वगळत नाही. व्याख्यापर वाक्यांत आपणही 'जी व्यक्ती' किंवा 'जे कोणी' म्हणण्याची सवय लावून घ्यावी. तसे केल्याने मूळ अर्थास बाध येत नाही आणि धम्म कोणासाठी आहे, हे वाक्यातूनच स्पष्ट होते.

आपल्या वस्त्यांतील आणि वसतिगृहांतील मुले आज इंग्रजी मन लावून शिकत आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. त्यांना 'हू'चा धडा शिकविताना दोन वाक्ये जोडण्याच्या यांत्रिक अभ्यासावर शिक्षकांनी थांबू नये. वसलसुत्ताचा अनुवाद, बाबासाहेबांचे ग्रंथ आणि १९५० चा आदेश हे तिन्ही पाठ त्यांच्यापुढे ठेवावेत. प्रत्येक 'हू'च्या पुढे कोणते क्रियापद आहे, दोन्ही बाजूंस स्वल्पविराम आहेत की नाहीत आणि त्यायोगे कोणाला आत घेतले व कोणाला बाहेर ठेवले, हे त्यांना शोधावयास लावावे. हे शोधू लागलेला विद्यार्थी इंग्रजी तर शिकेलच. शिवाय कोणी त्याला नुसत्या नावाने हाक मारून थांबवू पाहील, तेव्हा तथागतांनी अग्गिकाला विचारलेला प्रश्न त्यालाही विचारता येईल.